खडा कधीच नव्हता

पाली आणि आसपासच्या वाड्यांत आजही लोक सांगतात की कंपाउंडरच्या बायकोला रत्नागिरीच्या डॉक्टरने मारलं. मूतखड्यासाठी घातलेल्या नळ्या त्याने नको तेव्हा काढल्या आणि बाईच्या किडन्या गेल्या. हे खोटं आहे. माझ्या बायकोला खडा कधीच नव्हता. खडा आहे असं लोकांना मी सांगितलं. त्या डॉक्टरांनाही मीच सांगितलं, आणि नुसतं सांगितलं नाही, माझ्या हाताने लिहून दिलं.

माझं वय त्र्याहत्तर. जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधनिर्माता म्हणून नोकरी झाली. लोक कंपाउंडरच म्हणतात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी कोणाच्या घरी आजारपण आलं की कागदांची पिशवी आधी माझ्या ओटीवर येते. डॉक्टर काय म्हणाला ते मी समजावून सांगायचं. माझ्या शब्दावर माणसं गोळ्या सुरू करतात आणि बंदही करतात.

ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे. पण पहिलं कारण ते नाही.

डाग

सुनंदाची पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली होती. एक दिवस तिने मला सांगितलं की डाग दिसतात. किती दिवस, विचारलं तर म्हणाली गणपतीपासून. तेव्हा शिमगा जवळ आला होता. एवढे दिवस ती कापडाच्या घड्या ठेवून काम करत होती.

या वयात डाग दिसले की ताबडतोब तपासायचं असतं, हे मला माहीत होतं. केंद्रात येणाऱ्या बायकांना मी स्वतः हे सांगत असे. तरी तिला मी रक्त थांबवायच्या गोळ्या दिल्या. दोन महिने दिल्या. आपल्या घरात ते नसेल, एवढंच त्यामागचं शास्त्र.

नंतर पाठ दुखायला लागली तेव्हा कोल्हापूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून हातमोजे काढले आणि तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, बाजूला पसरलेला, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. रेडिएशन आणि त्याच्यासोबत आठवड्याला केमोचं एक सलाइन. सुनंदा टेबलावरून उतरून निऱ्या नीट करत होती. म्हणाली, "मला सांगा ना. माझं आहे ते."

भरली का

रेडिएशनसाठी कोल्हापुरात खोली घेऊन राहिलो. रोज सकाळी बायका बाकावर रांगेने बसायच्या, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. मूत्राशयाची पिशवी भरलेली असेल तर आतडी वर सरकतात आणि कमी भाजतात, म्हणून पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. मशीनवरचा मुलगा दारातून डोकं काढून विचारायचा, "मावशी, भरली का?" आणि बाकावरच्या सगळ्या हसायच्या. मशीन बिघडलं की हसणं बंद. मग एकेक बाई पाय आवळून, डोळे मिटून बसलेली.

"जन्मभर मी रात्रीची उठले की तुमची झोप मोडायची," सुनंदा मला म्हणाली. "आता धरते तर ते पण डॉक्टराला विचारून."

त्या बाकावर ती मोकळी होती. गडहिंग्लजची एक बाई, कागलची एक, सगळ्या एकमेकींना आजाराचं नाव घेऊन विचारायच्या. घरी परतल्यावर ते नाव घ्यायला तिला मी बंदी केली.

नाव

लोकांना मी सांगितलं की किडनीत खडा आहे, अवघड जागी आहे, कोल्हापूरला मशीनने फोडतात, पुन्हा होतो. कंपाउंडर सांगतोय म्हणजे तसंच असणार. शेजारचे तुकारामदादा मधल्या दगडी गडग्यावरून रोज विचारायचे, "काय भाऊ, वयनींचा खडा पडला काय?" आमचा मुलगा महेश मुंबईला असतो. त्याला खरं माहीत होतं. त्यालाही सांगितलं, आईची शोभा होईल, बाहेर बोलू नकोस.

आईच्या शोभेचा काही संबंध नव्हता. मंडणगडला बदलीवर असताना मी सात वर्षं एकटा राहिलो. तिथे माझा एका बाईशी संबंध होता. सुनंदाला ते कळलं, ती एकदा बोलली आणि नंतर कधी बोलली नाही. गावातही थोडं आलं होतं. हा कॅन्सर ज्या विषाणूने होतो तो शरीरसंबंधातून येतो. आरोग्यसेविका आता घरोघर हेच सांगतात. आजाराचं नाव बाहेर पडलं असतं तर लोकांनी बोट माझ्याकडे केलं असतं, आणि मला ती बोटं चुकीची आहेत असं म्हणता आलं नसतं.

डॉक्टरीणबाईंना मी आडून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, हा विषाणू इतका सर्रास असतो की कोणाकडून आला, कधी आला हे कोणीच सांगू शकत नाही, त्या विचारात पडू नका. तेव्हा आजार माझ्यामुळे झाला की नाही हे मला कधीच कळणार नाही. पुढचं जे झालं ते कोणामुळे झालं हे मात्र मला पक्कं माहीत आहे.

नळ्या

रेडिएशननंतर दीड वर्ष बरं गेलं. गाठ विरघळली होती. मग तिचे पाय सुजायला लागले. कोल्हापूरला सोनोग्राफी केली. कॅन्सर परत आला नव्हता, पण रेडिएशनने दोन्ही मूत्रवाहिन्या आवळत आल्या होत्या. भाजलेली कातडी सुकताना आखडते, तसं आत झालं होतं. किडनीतून लघवी खाली उतरायला जेमतेम वाट उरली होती.

दोन्ही बाजूंना आतून नळ्या घातल्या, वरचं टोक किडनीत, खालचं मूत्राशयात. बाहेर काही दिसत नाही. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की या ठरावीक महिन्यांनी बदलायच्या, कदाचित जन्मभर, आणि कोणत्याही कारणाने नुसत्या काढायच्या नाहीत. फाइलवर लाल पेनाने लिहून दिलं.

नळीचा त्रास बाहेरच्या माणसाला कळत नाही. सुनंदाला अर्ध्या अर्ध्या तासाने जावं लागे. जळजळ व्हायची, लघवी लाल व्हायची, आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत लुगडं भिजायचं. कोल्हापूरला जाताना आंबा घाटात चार वेळा गाडी थांबवायची, मी चादर धरून उभा. तिने लग्नकार्याला जाणं सोडलं. हळदीकुंकवाला गेली तर दाराजवळ बसायची, उठताना मागे हात फिरवून बघायची. देवघरात जाईनाशी झाली. मी तिला एकदाही म्हटलं नाही की जा, देवाला चालतं. कापड वाळत घालताना मात्र म्हटलं, मागच्या बाजूला घाल.

पालीत दर बुधवारी रत्नागिरीचे मूत्रविकाराचे डॉक्टर यायचे. तरुण, हुशार, माणसाला हात लावून तपासणारे. त्यांचं नाव लिहीत नाही. पालीत सगळ्यांना ठाऊक आहे. जळजळीवर काही औषध मिळेल म्हणून मी सुनंदाला त्यांच्याकडे न्यायचं ठरवलं. बाहेर गावातलीच माणसं बसलेली असणार, आत-बाहेर सगळं ऐकू जातं, म्हणून फाइल घरी ठेवली. केंद्रात असताना चिठ्ठ्या लिहायचो तशी एक चिठ्ठी लिहून घेतली. रुग्णाचं नाव, वय, आणि खाली, मूतखड्यासाठी दोन्ही बाजूंना नळ्या घातल्या आहेत, जळजळ आहे. सही, निवृत्त औषधनिर्माता.

त्यांनी चिठ्ठी वाचली. फाइल विचारली. मी म्हणालो कोल्हापूरला राहिली. मग त्यांनी तिलाच विचारलं, "मावशी, आधी कसला आजार, ऑपरेशन, काही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काही नाही. फक्त खडा."

"तुम्ही आमच्यातलेच," ते म्हणाले. "तुम्ही सांगताय म्हणजे झालं."

एक्स-रे काढला. खडा दिसत नव्हता, दिसणार कुठून. ते म्हणाले खडे निघून गेले, मग नळ्या ठेवून मावशींना कशाला त्रास, परवा रत्नागिरीला या, काढून टाकू.

मी इथे बोलायला हवं होतं. माझी जीभ उचललीही गेली होती. पण सुनंदाचं तोंड उजळलं. "काढाल? खरंच?" तिने डॉक्टरांना विचारलं, आणि मग माझ्याकडे वळून, "चालेल ना हो?" तिला वाटलं, मी होय म्हटलं तर काहीतरी बघूनच म्हटलं असेल. मी स्वतःला सांगितलं की एवढ्या महिन्यांत वाट मोकळी झाली असेल. आणि होय म्हटलं.

आठ दिवस

नळ्या निघाल्यावर आठ दिवस ती सुखात होती. सलग झोपली. सकाळी घावन घातले. तुकारामदादांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, तिथे पंगतीत मध्यभागी जाऊन बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही. दादा गडग्यावरून मला म्हणाले, "पडला एकदाचा." मी हसलो.

नवव्या दिवशी जेवण जाईना. उचक्या लागल्या. मी पित्ताची गोळी दिली. लघवी कमी होते म्हणाली, तर म्हटलं उकाडा आहे, पाणी जास्त पी. दोन दिवसांनी तोंडाला सूज आली आणि ती बोलताना मध्येच थांबून माझ्याकडे अनोळखी माणसासारखी बघायला लागली. महेशला फोन केला आणि गाडी करून कोल्हापूर गाठलं. तो मुंबईहून थेट तिकडे आला.

रक्त तपासून डॉक्टर बाहेर आले. क्रिएटिनिन, किडन्या थकल्या की रक्तात चढतं ते, इतकं वाढलं होतं की त्यांनी आधी डायलिसिस लावलं, मग पाठीतून सुया घालून दोन्ही किडन्यांत नळ्या बसवल्या. आतून पुन्हा नळी घालायचा प्रयत्न केला, पण वाट पूर्ण मिटली होती. उजवी किडनी गेली होती आणि डावी थोडीशी राहिली होती.

"नळ्या कोणी काढल्या?" त्यांनी विचारलं. महेश माझ्या शेजारी उभा होता. मी पालीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

"त्यांना रेडिएशनचं माहीत नव्हतं?"

"फाइल दाखवली होती," मी म्हणालो.

बुधवार

पुढच्या बुधवारी महेश पालीला गेला आणि मला सोबत घेऊन गेला. गाडीत मी त्याला पुन्हा सांगितलं की लोकांसमोर आजाराचं नाव घेऊ नकोस. त्याने घेतलं नाही. पंचवीस-तीस माणसांसमोर त्याने डॉक्टरांची कॉलर धरली आणि विचारलं, रिपोर्ट वाचता येत नाहीत का तुला, माझी आई मरायला टाकलीस.

"कुठले रिपोर्ट?" डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते.

मी महेशच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे महेश. चुका माणसाकडूनच होतात."

कोणीतरी मोबाइलवर ते सगळं घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते गावोगाव फिरलं. लोकांनी माझं कौतुक केलं. एवढं होऊनही कंपाउंडरने मोठं मन दाखवलं, म्हणाले. दोन-तीन बुधवार डॉक्टर आले, रिकामे बसून गेले. मग यायचे बंद झाले. त्या पावसाळ्यात तुकारामदादांची लघवी अडली. पूर्वी ते चालत डॉक्टरांकडे गेले असते. आता फुगलेलं ओटीपोट धरून रिक्षाने रत्नागिरीपर्यंत गेले, आणि वाटेत रडत होते असं त्यांच्या सुनेने सांगितलं. हा दोषही माझ्याकडेच येतो.

दोन पिशव्या

त्यानंतर सुनंदा वीस महिने जगली. पाठीतून निघालेल्या दोन नळ्या, त्यांना दोन पिशव्या. उजवीकडच्या पिशवीत थेंब यायचे. पाठीवर झोपता येत नाही. कूस बदलताना आधी नळी सांभाळायची, मग अंग. एकदा नळी खाटेच्या कोपऱ्याला अडकली आणि निसटली, तेव्हा पुन्हा आंबा घाट, पुन्हा सुई. दर काही आठवड्यांनी नळ्या बदलायच्या. मध्येच हुडहुडी भरून ताप यायचा. दात वाजायचे, तीन चादरी घातल्या तरी खाट हलायची. तापाआधी पिशवीतली लघवी गढूळ होते. हे ज्यांच्या घरी आहे त्यांनी रोज उजेडात पिशवी बघावी आणि ताप चढायची वाट बघू नये.

ड्रेसिंग मीच करायचो. आयुष्यभर केलेलं काम, हात बसलेला. कोल्हापूरच्या एका परिचारिकेने पिशव्या परकराच्या नाडीला आतून बांधायची युक्ती शिकवली, त्यामुळे ती अंगणात फिरू शकायची. तुकारामदादांची सून पेज घेऊन यायची आणि वास आला तरी नाक न मुरडता बसायची. त्या मुलीचे उपकार फिटायचे नाहीत. आणि लुगडं आता कोरडं राहायचं. एक दिवस सुनंदा स्वतःच देवघरात गेली. म्हणाली, "बघा, आता मी गळत नाही. चांगलं केलंत."

ती टोमणा मारत होती की खरंच म्हणत होती, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

महेश रोज फोन करायचा. रोज शेवटी म्हणायचा, बाबा, तुम्ही आहात म्हणून आई आहे. ती पलीकडे कुशीवर पडून ऐकत असायची. पहिल्यांदा तिने सांगितलं तेव्हा मी तिचं ड्रेसिंग करत होतो. त्याला सांगा, म्हणाली. कसलं, मी विचारलं.  दुसऱ्यांदा सांगितलं ते महेश दिवाळीला आला तेव्हा. त्याने डॉक्टरला शिव्या घातल्या आणि ती उठून आत गेली. रात्री नको, उद्या सांगतो, असं मी म्हणालो आणि तो दुसऱ्या दिवशी गेला.

तिसऱ्यांदा शेवटच्या महिन्यात. डावी किडनीही थकली होती आणि तिने डायलिसिसला नाही म्हटलं होतं.

"मी आहे तोवर सांगा," ती म्हणाली. "तो चिडेल, मग माझ्याकडे येईल. मी त्याला समजावीन. मी गेल्यावर सांगितलंत तर तो कोणाकडे जाईल?"

मी सांगतो म्हटलं. ती सतरा दिवसांनी गेली. तोवर महेश दोनदा येऊन गेला होता.

उशिरा

वर्षश्राद्धाच्या आदल्या आठवड्यात मी रत्नागिरीला त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. रांगेत बसलो. आत गेल्यावर त्यांनी बसा म्हटलं. मी सगळं सांगितलं, मंडणगडसुद्धा. ते ऐकत राहिले. मग उठून कपाटातून एक कागद काढला. माझी चिठ्ठी, माझी सही.

त्या बुधवारी का दाखवली नाहीत, मी विचारलं.

"दाखवली असती तर मुलाने तुमची कॉलर धरली असती," ते म्हणाले. "मावशी पाठीत नळ्या घेऊन पडलेल्या. त्यांचं करायला मग कोण होतं?" मग म्हणाले, "आणि चूक माझीही आहेच. कोल्हापूरला एक फोन करायला हवा होता. तुमच्याकडे बघून केला नाही. आता कोणाकडेही बघून सोडत नाही."

मी हात जोडले. ते म्हणाले, "माझी माफी मागू नका. तिचं मी काय करू? मुलाला सांगा." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

श्राद्ध झालं, माणसं जेवून गेली, आणि मागच्या पडवीत महेशला मी सांगितलं.  संपल्यावर तो म्हणाला, "वीस महिने रोज फोनवर मी तुम्हाला काय म्हणत होतो?"



दुसऱ्या दिवशी सकाळी तो रत्नागिरीला डॉक्टरांकडे निघाला. मी चप्पल घातली. तो म्हणाला, "तुम्ही नका येऊ. तुम्ही बोललात की माणसांना खरं वाटतं."

दुपारी परतला. तिथे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. मी वाढलं, तो जेवला, ताट घासून ठेवलं आणि बॅग भरली. मी त्याला म्हटलं की हे सगळं लिहून काढणार आहे, आजाराच्या नावासकट, आईच्या नावासकट. फाइल प्रत्येक डॉक्टरला दाखवा, रेडिएशन घेऊन किती वर्षं झाली असली तरी सांगा, नळी कशासाठी आहे ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या, हे लोकांना कळायला हवं.

तो बॅगेची चेन लावत होता.

"आईने तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं, मला सांगा म्हणून?"

"तीनदा."

"तेही लिहा," तो म्हणाला.

म्हणून लिहिलं.